कॅप्टन जाऊ शकतो, मग मी का नाही?

आजचा भाग क्रिकेटवर नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये शिव्या नकोत. आज अशा एका टीमबद्दल बोलायचंय जिला २००४ नंतर बाद फेरीतला एकही सामना जिंकता आलेला नाही. २००४! तेव्हा मी सात वर्षांचा होतो, सांगलीत दुसरीत. 'श्वास' ऑस्करला चाललाय म्हणून घरात चर्चा चालायची. पहिला आयफोन यायला अजून तीन वर्षं होती. यूट्यूबसुद्धा नव्हतं.

टीमचं नाव एसेंडन. खेळ आहे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, ज्याला मेलबर्नमध्ये सगळे नुसतं 'फूटी' म्हणतात. आणि मी, सांगलीचा मुलगा, बीटेक, दिवसभर जावा लिहिणारा माणूस, या टीमचा फॅन आहे. कसा झालो? चुकून.

२०२२ मध्ये मी इथे आलो. ऑफिस डॉकलँड्सला. पहिल्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, तू कोणाचा? मला वाटलं, विचारतायत की राहतोस कुठे. मी तेव्हा एसेंडन स्टेशनजवळ एका खोलीत राहायचो, क्रेगीबर्नच्या लाइनवर. म्हणालो, "एसेंडन." सगळी टीम हसली. आणि कोपऱ्यातल्या डेस्कवरचा एक पन्नाशीचा माणूस उठून माझ्याजवळ आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सॉरी, मित्रा."

आपल्याकडे मयताला गेल्यावर धरतात ना हात, अगदी तसा धरला होता.

या माणसाला मी इथे 'काका' म्हणतो. ऑफिसात अर्थातच नावाने हाक मारतो, इथे सगळेच तसं करतात, सीईओलासुद्धा. पण नाव घेऊ नकोस असं त्याने बजावलंय. तर काका. काका, त्याचे वडील आणि त्याची मुलगी, तिघांकडे मेंबरशिप. वडील आता नाहीत. मुलगी सतरा वर्षांची आहे आणि आजची गोष्ट खरं तर तिची आहे.

खेळ माहीत नसेल तर पटकन सांगतो. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. एमसीजीवर विराटने पाकिस्तानविरुद्ध तो डाव खेळला ना, त्याच गवतावर हिवाळ्यात फूटी चालते. मुळात १८५८-५९ मध्ये हा खेळ आकाराला आला त्यामागचा एक विचारच असा होता, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये. एका बाजूला अठरा खेळाडू. बॉल अंडाकृती. लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोकून द्यायचा, हाताने फेकायचा नाही. टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला की एक. म्हणजे नेम चुकला तरी एक मिळतो. आपल्याकडे गणितात स्टेप मार्क मिळतात तसं. मला हा नियम फार आवडतो.

लीगमध्ये अठरा टीम. मार्च ते ऑगस्ट साखळी सामने, मग सप्टेंबरमध्ये पहिल्या आठ टीमची बाद फेरी, ज्याला इथे 'फायनल्स' म्हणतात. लक्षात घ्या, फायनल्स अनेकवचनी. एसेंडनला २००४ पासून जमलेलं नाही ते कप जिंकणं नाही हो, कप तर लांबच राहिला. या फायनल्समधला एक सामना जिंकणं, तेवढंच.

आणि ही टीम लहानसहान नाही. सोळा विजेतेपदं. कार्लटन आणि कॉलिंगवूडच्या बरोबरीने लीगमध्ये सगळ्यात जास्त. २००० साली एसेंडनने पूर्ण हंगामात फक्त एक सामना गमावला आणि ग्रँड फायनल साठ गुणांनी जिंकली. काका तेव्हा मैदानात होता, वडिलांसोबत. त्याच्या फोनमध्ये त्या दिवसाचा एक फोटो आहे, कागदी फोटोचा फोनने काढलेला फोटो, थोडा तिरका. तो दाखवताना माणूस पंचविशीतला होतो.

मग २००४, शेवटचा फायनल्स विजय, मेलबर्नविरुद्ध. त्यानंतरचा हिशेब काकाला तोंडपाठ आहे. २००९, अॅडलेडकडून ९६ गुणांनी हार. २०११, कार्लटनकडून ६२. २०१४, नॉर्थ मेलबर्नकडून १२. २०१७, सिडनीकडून ६५. २०१९, वेस्ट कोस्टकडून ५५. २०२१, वेस्टर्न बुलडॉग्जकडून ४९. सहा वेळा दारापर्यंत गेले आणि सहाही वेळा पहिल्याच सामन्यात घरी. मी विचारलं, यातलं जास्त काय लागलं? मला वाटलं ९६ म्हणेल. म्हणाला, "१२. बाकीच्या वेळी मी तिसऱ्या क्वार्टरलाच गाडीकडे निघालो होतो."

मध्ये ते इंजेक्शन प्रकरण. २०१२ च्या हंगामात क्लबने खेळाडूंसाठी एक सप्लिमेंटचा कार्यक्रम चालवला. २०१३ मध्ये ते बाहेर आलं. क्लबला २० लाख डॉलर दंड, आणि त्या वर्षी फायनल्सची जागा मिळवलेली असूनही हकालपट्टी. खेळाडूंना आधी निर्दोष ठरवलं गेलं, मग वरच्या लवादाने जानेवारी २०१६ मध्ये ३४ आजी-माजी खेळाडू दोषी ठरवले आणि त्यांचं ते आख्खं वर्ष गेलं. जोब वॉटसन हा तेव्हाचा मोठा खेळाडू. २०१२ चा सर्वोत्तम खेळाडूचा ब्राउनलो पदक त्याला मिळालं होतं, तेही गेलं. २०१६ मध्ये उरल्यासुरल्या आणि उसन्या खेळाडूंना घेऊन एसेंडन शेवटच्या नंबरावर आलं. शेवटच्याला इथे 'लाकडी चमचा' मिळाला असं म्हणतात. खरा चमचा देत नाहीत, मी विचारून घेतलंय.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, हरतात. सगळ्याच टीम कधीतरी हरतात. आरसीबीला पहिला कप मिळायला अठरा हंगाम लागले. मग एवढं काय?

इथेच मला हा प्रकार इंटरेस्टिंग वाटतो. कारण या लीगमध्ये कोणी इतकी वर्षं हरत राहू नये अशीच व्यवस्था केलेली आहे. कॅम्पस प्लेसमेंट आठवा. समजा नियम असा केला, की ज्या कंपनीचं मागचं वर्ष सगळ्यात वाईट गेलं तिला डे झिरो मिळेल. कॉलेजचा टॉपर तीच उचलणार. आणि सगळ्या कंपन्यांना पगाराचं एकूण बजेट सारखंच, वर एक दमडी नाही. असं असेल तर काही वर्षांनी तळातली कंपनी वर यायलाच हवी, नाही का? फूटीत नेमकं हेच आहे. अठरा वर्षांच्या पोरांचा ड्राफ्ट होतो, मूळ क्रम उलटा, शेवटच्या टीमची निवड पहिली. आणि पगाराला कमाल मर्यादा. म्हणजे 'आमच्याकडे पैसा नाही' हे कारण चालत नाही. 'नशीब' हे कारण दोन-तीन वर्षं चालतं. एकवीस वर्षं नाही.

आणि एसेंडनची खरी गोची अशी, की ती टीम नीट तळालाही जात नाही. तो २०१६ चा चमचा सोडला तर बहुतेक वर्षं मधे कुठेतरी. फायनल्सला पुरेशी चांगली नाही, पहिला टॉपर मिळायला पुरेशी वाईट नाही. आमच्या कॉलेजात एक मुलगा होता, दर सेमिस्टरला ३८ मार्क काढायचा, पासिंग ४०. त्याच्या बापाला पोराने शून्य आणलं असतं तर कदाचित कमी त्रास झाला असता. शून्य आणणाऱ्याला निदान क्लास लावतात.

२०२३ मध्ये काय झालं बघा. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्यात, फायनल्सची आशा आहे, आणि जीडब्ल्यूएसकडून १२६ गुणांनी हार. मी काकाला मेसेज केला नाही. काही वेळा न करणं बरं असतं. शेवटी नंबर अकरावा. २०२४ मध्ये हंगामाच्या मध्यावर टीम पहिल्या चारात! ऑफिसात काका शिट्टी वाजवत यायचा. शेवटी नंबर? अकरावा. २०२५ मध्ये मे महिन्यात रिचमंडला हरवलं आणि हिशेब झाला सहा विजय, चार पराभव. लोक म्हणाले, या वर्षी जमतंय. त्यानंतर एकही सामना जिंकला नाही. एक नाही हो. सलग तेरा हरले. दुखापतींची रांग लागली होती हे खरं, अर्धी टीम उपचाराच्या टेबलावर. पण सलग तेरा.

त्या तेरामधल्या एका सामन्याला मी काकासोबत आणि त्याच्या मुलीसोबत गेलो होतो. डॉकलँड्सचं स्टेडियम, ऑफिसपासून चालत. बाहेर पाऊस, छत बंद, त्यामुळे आवाज आत घुमतो. मला वाटलं होतं राग म्हणजे आरडाओरडा असेल. पहिल्या क्वार्टरला होता. पंचाच्या नावाने, कोचच्या नावाने, एक आजी तर मला अजून माहीत नसलेले शब्द वापरत होत्या. दुसऱ्या क्वार्टरला टोमणे. तिसऱ्याला हसू, ते वाईट असतं, आपल्या खेळाडूच्या हातून बॉल निसटला की आपलेच लोक हसतात. आणि चौथ्याला काहीच नाही. हजारो लोक बसलेत आणि मैदानावरच्या खेळाडूंच्या हाका वर ऐकू येतायत. मग सायरन. फूटीत सामना संपला की जिंकलेल्या टीमचं गाणं स्पीकरवर लावतात, परत परत. तुमच्या घरच्या मैदानावर तुम्ही दुसऱ्याचं गाणं ऐकत जिना उतरता.

काकाच्या मुलीने जिन्यात स्कार्फ काढला आणि बॅगेत कोंबला. थंडी होती. काकाने बघितलं, बोलला नाही.

शेवटचा सामना २७ ऑगस्टला. तो मुळात मार्चमध्ये व्हायचा होता, पण चक्रीवादळामुळे पुढे ढकलला होता. त्यामुळे बाकी सगळ्या टीमची साखळी संपलेली आणि हा एकच सामना उरलेला, गोल्ड कोस्टविरुद्ध. गोल्ड कोस्ट लीगमध्ये आली २०११ ला आणि तोपर्यंत एकदाही फायनल्सला पोचलेली नव्हती. एसेंडनला हरवलं आणि पोचली. बरं, पोचली ते पोचली. दहा दिवसांनी पर्थला जाऊन फ्रीमँटलला एका गुणाने हरवून फायनल्सचा सामना जिंकली पण! २००४ मध्ये ज्या क्लबचं अस्तित्वच नव्हतं, त्याने तो एक विजय मिळवला. त्या रात्री काकाचा मेसेज आला, फक्त एक अंगठा. 'छान' वाला.

आता येतो मुद्दा. ऑक्टोबरमध्ये इथे ट्रेडचा काळ असतो, खेळाडू क्लब बदलतात. एसेंडनचा कॅप्टन झॅक मेरेट, टीमचा सगळ्यात भरवशाचा खेळाडू, त्याने क्लब सोडायची इच्छा सांगितली. करार २०२७ पर्यंतचा. जायचं होतं हॉथॉर्नला. हॉथॉर्न म्हणजे एसेंडनचं जुनं वैर. सौदा जमला नाही, एसेंडनने सोडलं नाही, तो राहिला. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. ऑफिसच्या किचनमध्ये दोन तट. एक म्हणे, गद्दार. दुसरा म्हणे, दहा-बारा वर्षं घासलं त्याने, एकदाही फायनल्स जिंकता आली नाही, अजून किती थांबायचं? जो डॅनिहरचं उदाहरण होतंच. एसेंडनचा पोरगा, वडील एसेंडनचे खेळाडू म्हणून खास नियमाने घेतलेला. २०२० नंतर ब्रिस्बेनला गेला, २०२४ चा कप जिंकला आणि निवृत्त झाला. शेवटचा सामना ग्रँड फायनल! आम्ही काय खोटं बोलणार, जळलो.

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या बॅचमध्ये तीन वर्षांच्या वर एका कंपनीत टिकलेले दोघंच असतील. चांगली ऑफर आली की आपण नोटीस पिरियड किती हे आधी बघतो. मेरेटला गद्दार म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पण त्या आठवड्यात काकाकडे जेवायला गेलो होतो आणि मेंबरशिपच्या रिन्यूअलचा विषय निघाला. काका म्हणाला, तिघांची भरून टाकतो. वडिलांची जागा अजून चालू ठेवलीय त्याने, तिथे मी बसतो. मुलगी ताटावरून मान न उचलता म्हणाली, "माझी नको."

काका म्हणाला, असं मधेच सोडत नसतात.

ती म्हणाली, "कॅप्टन जाऊ शकतो, मग मी का नाही? त्याला पगार तरी मिळत होता."

काकाची बायको हसली, मग थांबली. मुलगी पुढे बोलली आणि ते मी जमेल तसं मराठीत सांगतो. म्हणाली, तुझ्याकडे २००० आहे. आजोबांकडे अजून कितीतरी होतं. माझ्याकडे काय आहे? मी जन्मल्यापासून तू मला दर सप्टेंबरला म्हणतोस, पुढच्या वर्षी. हे तुझं दुःख आहे बाबा, तू मला वाढदिवसाला का देतोस?

टेबलावर शांतता. मी भाजलेला बटाटा कापत बसलो, खूप बारीक.

मला तेव्हा कळलं की त्या माणसाचा राग कोचवर नव्हताच, बोर्डावर नव्हता, मेरेटवर पण नव्हता. त्याला वडिलांनी एक गोष्ट दिली होती, ती त्याला तशीच पुढे द्यायची होती, आणि ती त्याच्या हातात असताना खराब झाली. त्याची काही चूक नसताना. आता ती मुलीला देताना त्याला लाज वाटत होती. हरण्याचं दुःख रविवारी संध्याकाळी संपतं. हे नाही संपत.

घरी येताना ट्रेनमध्ये बायकोला हे सांगितलं. ती सहा महिन्यांची गरोदर आहे, हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. तर काकाने मला मागेच सांगून ठेवलंय, बाळ झालं की पहिली मेंबरशिप माझ्याकडून. इथे बाळांचीही मेंबरशिप निघते, थट्टा नाही. मी हो हो म्हटलं होतं. त्या रात्री बायकोने विचारलं, "आपल्या बाळाला आपण हे मुद्दाम द्यायचं?" तिच्या आवाजात थट्टा होती, पण पूर्ण थट्टा नव्हती.

बाबांना फोनवर विचारलं. बाबांना हा खेळ म्हणजे कुस्ती आणि बास्केटबॉलची भेसळ वाटते. ते म्हणाले, "अरे, तुला कोणी सांगितलंय हरणाऱ्यांच्या मागे लागायला? जिंकणारी टीम नाही का गावात?" आहेत की. मेलबर्नमध्ये आणि जवळपास मिळून दहा टीम आहेत. जीलॉंगचा फॅन झालो असतो तर सुखात असतो. पण पहिल्या आठवड्यात, इथे मला कुत्रं ओळखत नव्हतं तेव्हा, ज्याने उठून हात धरला तो जीलॉंगचा नव्हता.

आत्ता इथे जानेवारी आहे, उन्हाळा, फूटी बंद. २०२६ पासून नियम बदलतोय, नववा आणि दहावा नंबरही फायनल्सच्या उंबरठ्यावर एक सामना खेळणार. ऑफिसात जोक फिरतोय, की हा नियम एसेंडनसाठीच केला, आणि त्यावर दुसरा जोक, की एसेंडन आता अकरावं येणार. दुसरा जोक काकाचाच आहे.

मुलीचं काय झालं? काकाने तिची मेंबरशिप भरली नाही. तिने नको म्हटलं, त्याने ऐकलं. वडिलांची भरली, स्वतःची भरली. नाताळात तिने त्याला गिफ्ट दिलं, काकाने ऑफिसात मला दाखवलं. तो २००० चा फोटो. तिने घरातला मूळ कागदी फोटो शोधून, नीट स्कॅन करून, सरळ करून, फ्रेम करून दिलाय. काका म्हणाला, "म्हणजे ती येणार असं नाही हां." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "पण पहिल्या मॅचला विचारून बघतो."

आमच्या बाळाचं अजून ठरलेलं नाही. एप्रिलची तारीख आहे. काकाने लाल पट्ट्याचा काळा झबला आणून ठेवलाय, म्हणजे त्याच्या भाषेत जंपर, पण आकार झबल्याचाच. बायकोने तो कपाटात ठेवलाय. वरच्या कप्प्यात, मागे.

चला, एवढंच. पुढच्या भागात तुम्ही विचारत होतात तो विषय, परदेशात घरभाडं आणि डिपॉझिटचा. तुमच्याकडे अशी एखादी टीम असेल, गावच्या कबड्डीची का असेना, तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत ठेवा, प्लीज. मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती.